पाण्याच्या वर, पत्र्याच्या खाली

"मागच्या वर्षीचंच द्या की. फक्त तारीख बदला."

आमचा अख्खा धंदा या दोन वाक्यांवर उभा आहे. गणेश मंडळाची पावतीपुस्तकं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, अडत दुकानाच्या हिशेबपट्ट्या, बेदाण्याच्या बॉक्सवरचं लेबल, शाळेची प्रगतिपुस्तकं. दहा कामांत नवं एखादंच, बाकी सगळं मागच्या वर्षीचं. गिऱ्हाईक हे इतक्या सहज बोलून जातं, की जणू मागचं वर्ष आम्ही गल्ल्याशेजारच्या खणात घडी घालून ठेवलंय आणि हात घातला की निघणार आहे.

सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात आमचा प्रेस आहे. बाबांनी ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या मशीनवर, सुरू केला. आता एक जुनं ऑफसेट, एक कटिंग मशीन, चार कॉम्प्युटर आणि आम्ही पाच माणसं. मागचं वर्ष असायचं ते या चार कॉम्प्युटरांपैकी कुठल्या तरी एकावर. नाहीतर टोपण हरवलेल्या पेनड्राईव्हवर. नाहीतर प्लेट काढायला पाठवलेल्या एखाद्या ईमेलमध्ये. नेमकं कुठे, हे एकाच माणसाला ठाऊक असायचं, ते म्हणजे कंपोझिंगच्या ताई. बावीस वर्षं झाली त्यांना आमच्याकडे.

"ताई, त्या तासगावच्या शेठचं लेबल?"

ताई स्क्रीनवरून मान न वळवता सांगायच्या, "तीन नंबरला डी ड्राईव्ह, न्यू फोल्डर टू, त्यात 'जुनं नवीन', त्यात शेवटून दुसरी." आणि ती तिथे असायची.

गेल्या वर्षी आषाढात ताई लेकीच्या बाळंतपणाला दीड महिना इचलकरंजीला गेल्या. त्यांनी पहिलीच सुट्टी एवढी मोठी घेतली आणि नेमका तो पावतीपुस्तकांचा हंगाम. एका मंडळाची पोरं आली, मागच्या वर्षीचंच द्या म्हणाली. मी शोधलं तर चार फाईली: 'मंडळ पावती फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल न्यू करेक्शन' आणि 'लास्ट'. तारखेवरून ओळखावं, तर फॉन्ट नीट दिसतो का बघायला मीच चारही उघडून सेव्ह करून बसले होते. चौघींची तारीख आजची. ताईंना फोन लावला तर मागे बाळ रडत होतं. 'लास्ट' म्हणजे शेवटचंच असणार असं मनाशी म्हणून मी प्लेटला पाठवलं.

शंभर पुस्तकं छापून, नंबरिंग मारून, बाइंडिंग होऊन गेली. दोन दिवसांनी पोरं परत आली. पावतीवरचा क्यूआर कोड जुन्या खजिनदाराचा होता. नव्या पावतीवर वर्गणी गोळा होत होती आणि पैसे माजी खजिनदाराच्या खात्यात जमा होत होते. त्या बिचाऱ्याने सगळे परत केले म्हणून निभावलं, पण शंभर पुस्तकं आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापली. मशीनवरच्या मामांनी रद्दीचा गठ्ठा बांधता बांधता एवढंच विचारलं, "मग खरं फायनल कंचं होतं?"

'फायनल न्यू'. का, ते ताईंनाच ठाऊक.

शेठचं लेबलसुद्धा माझ्याकडे आज जे आहे ते २०१९ च्या ऑगस्टनंतरचं. त्याच्या आधीचं पाण्यात गेलं. २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर चढलं होतं आणि तेव्हा दुकानात जिथवर आलं, तिथे बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली. चौदा वर्षं आम्ही त्या रेघेला मोजमाप मानत होतो. २०१९ ला पाणी वाढायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "रेघेच्या वर एक फूट धरा, बास." आम्ही सगळे सीपीयू टेबलावर टेबल चढवून रेघेच्या दीड फूट वर ठेवले आणि शटर ओढून घरी गेलो. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. सांगलीत त्या साली अनेकांचं असंच झालं. धोक्याची पातळी ४५ फूट सगळ्यांना पाठ होती, पण २००५ च्या वरही काही असू शकतं हे कुणाच्या हिशेबात नव्हतं.

पाणी ओसरल्यावर चिखलातून काढलेल्या हार्ड डिस्क मी घरी आणून पुसल्या, तांदळात ठेवल्या, उन्हात ठेवल्या. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, की साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळायला एक बारीक भोक असतं, गाळणी लावलेलं. धूळ अडवायला ती गाळणी पुरते, कृष्णेचा गाळ अडवायला नाही. एकही चालू झाली नाही.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही एका बाहेरच्या डिस्कवर अधूनमधून सगळं ओतत होतो आणि त्याला बॅकअप म्हणत होतो. ती डिस्क गल्ल्यातच असायची. म्हणजे पाणी तिथवर चढलं असतं तर तीही गेली असती, आणि चोर आला असता तर गल्ल्याबरोबर गेली असती.

पावतीपुस्तकांच्या भानगडीनंतर मी पुण्याच्या दादाला, माझ्या मावसभावाला, फोन केला. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. दुकानासाठी एखादा फाईल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाईली एकाच जागी ठेवणारं मशीन, घ्यायचाय, केवढ्याला पडेल, असं विचारलं. तो म्हणाला, "थांब दिवाळीपर्यंत. माझ्या ऑफिसातनं एक धूड बाहेर पडणार आहे, ते ने." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं आयुष्य संपत होतं आणि त्याच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नव्हतं. मशीन ठणठणीत, पण ऑफिसच्या नियमात बसत नाही म्हणून निवृत्त. भाऊबीजेला मी ओवाळलं आणि ताटात पडलं ते धूड, एचपीचं झेड ४२०. डिकीत घालायला दोघं लागलो.

घरच्या पीसीशी हे मशीन नात्यातलं वाटत नाही. २०१२ सालचं मॉडेल. बाजूचा पत्रा एक खटका ओढला की निघतो, आत स्क्रू जवळजवळ नाहीतच. जिथे जिथे हात लावायचा, तिथे तिथे हिरव्या रंगाची प्लास्टिकची कड. प्रोसेसर झिऑन, चार कोअरचा. आत बारा वर्षांची पुण्याची धूळ, लोकरीसारखी जमलेली. टायर फुगवायच्या दुकानात नेऊन हवा मारली, तर पोऱ्या ठसकत म्हणाला, "मॅडम, यात काय मांजर पाळलं होतं का?" (अशी हवा मारू नये, त्या हवेत पाणी असतं, हे दादाने नंतर सांगितलं. आमचं नशीब चांगलं.)

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रॅमची पट्टी. घरच्या पीसीच्या पट्टीवर एका बाजूला काळ्या चिपा मोजल्या की बहुतेक आठ भरतात. या पट्टीवर नऊ. नववी चिप साठवायला नाही, तपासायला. बाकीच्या आठ चिपांत जे ठेवलंय त्याचा पडताळा ती जवळ बाळगते. कुठे एखादा बिट शून्याचा एक झाला, तर तो ओळखून जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन बिघडले तर निदान बोंब तरी होते. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे प्रूफरीडर." अगदी तसंच. आठ कंपोझिटरांमागे एक प्रूफरीडर, तोही पगारावरचा, रोजंदारीवरचा नव्हे. सर्व्हरमध्ये फाईल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते. तिथेच अक्षर बदललं तर पुढे कितीही प्रती काढा, सगळ्या चुकीच्या निघणार. हे छापखानेवाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

जुनं ग्राफिक्स कार्ड वीज खातं म्हणून मी ते काढलं. सर्व्हरला कुठे चित्रं बघायचीयत? मशीन चालू केलं तर सहा वेळा बीप आणि बटणाचा दिवा लाल, उघडझाप. थोडं थांबून पुन्हा सहा. हे मशीन बोलत नाही, मोजून ओरडतं. पाच बीप म्हणजे रॅमचं दुखणं, सहा म्हणजे ग्राफिक्सचं. या प्रोसेसरला स्वतःचे डोळेच नाहीत, कार्ड काढलं की आंधळा. मग मिरजेहून एक पंखा नसलेलं जुनं छोटं कार्ड आणलं आणि मशीन गप्प झालं.

डिस्क मात्र जुन्या वापरायच्या नाहीत, असं दादाने बजावून सांगितलं होतं. एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवरही राहावं म्हणून चार-चार टीबीच्या दोन नव्या घेतल्या आणि फुकटच्या मशीनवर वीस हजारांच्या वर गेले. घेतानाही एक गोम असते. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला लिहिण्याचे माग (ट्रॅक) एकावर एक थोडे चढवून लिहितात, कौलं शाकारल्यासारखे. वाचायला अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उतरवून पुन्हा चढवावी लागतात. असल्या डिस्क एकदा लिहून ठेवून द्यायच्या कामाला ठीक. जोडीतली एक मेली आणि नवी घालून सगळं तिच्यावर उतरवायची वेळ आली, की ह्या दिवस दिवस लावतात. दुकानदाराला हे विचारलं तर तो म्हणाला, "सगळ्या सारख्याच असतात." मग मॉडेल नंबर लिहून घेऊन घरी येऊन तपासले आणि दुसऱ्या दिवशी बिनकौलांच्या आणल्या.

सर्व्हरवर ट्रूनॅस टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं, फाईली सांभाळायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि माऊसने चालतं. त्याच्या पोटात झेडएफएस नावाची फाईल ठेवायची पद्धत आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिचा एक नियम मला पटला, लिहिलेल्यावर पुन्हा लिहायचं नाही. फाईल बदलली की बदललेला भाग कोऱ्या जागेत लिहायचा, तो पुरा झाला की मगच अनुक्रमणिकेत नवा पानक्रमांक टाकायचा. मध्येच वीज गेली तर जुनं पान जागेवर शाबूत. आणि जुनी अनुक्रमणिका जपून ठेवली तर कालची दुकानाची अवस्था जशीच्या तशी हाताशी राहते. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. दर तासाला एक निघतो, आणि जोवर काही बदलत नाही तोवर जागा जवळजवळ खात नाही.

विंडोजवाल्या कॉम्प्युटरांना या लिनक्सच्या पेटीतल्या फाईली दिसतात त्या सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. आधीच्या नावावर दुसऱ्याचा हक्क निघाला, तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाईलमध्ये एस, एम आणि बी (विंडोजच्या फाईल मागायच्या भाषेचं नाव एसएमबी) ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि सांबा हा शब्द हाती लागला. आमच्या मामांना मात्र ते सांबाच्या पिंडीतलं सांब वाटतं. सर्व्हर अडला की ते विचारतात, "सांब रुसला काय?"

सांब रुसला तो एकदाच, सुरुवातीला, आणि दोष त्याचा नव्हता. फ्लेक्सची फाईल, कुणा भावी आमदाराचा वाढदिवस, साधारण एक जीबीची. दादाच्या हिशेबाने ती दहा सेकंदांत यायला हवी होती. ताईंच्या मशीनवर दीड मिनिट लागत होतं, माझ्या मशीनवर दहाच सेकंद. दोन दिवस मी सेटिंगशी झटत बसले. शेवटी ताईंच्या केबलचं टोक उजेडात धरलं. पारदर्शक प्लास्टिकमधून रंगीत तारा दिसतात, त्या आठ असायला हव्यात. होत्या चारच. ज्याने कधीकाळी जोडणी केली, त्याने बाकीच्या चार टोकापाशी छाटून टाकल्या होत्या. शंभर मेगाबिटच्या वेगाला चार तारा पुरतात, त्याच्या दसपट गिगाबिटला आठही लागतात. त्याच्या काळात त्याचं चुकलं नव्हतं. पन्नास रुपयांत नवीन केबल आली आणि भावी आमदार दहा सेकंदांत यायला लागले.

चौथ्या कॉम्प्युटरपुढे मात्र मी हात टेकले. त्यावर अजून जुनं विंडोज एक्सपी आहे, कारण आमच्या जुन्या फॉन्टचं कुलूप पाठीमागच्या प्रिंटर पोर्टला लागतं आणि ते दुसरीकडे कुठे चालत नाही. आमचा निम्मा मजकूर त्या फॉन्टात. एक्सपीला फाईल मागायची जुनीच भाषा येते. त्याच भाषेतल्या भगदाडातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर शिरला होता. आता नवा सांबा ती भाषा आपण होऊन बोलत नाही. चालू करता येते, पण एका म्हाताऱ्यासाठी सगळ्या वाड्याचा दरवाजा उघडा टाकायला मन झालं नाही. त्यामुळे चार नंबरवरून अजून पेनड्राईव्हनेच फाईली येतात. टोपण तेवढं नवीन घेतलंय.

मशीन तयार झालं तेव्हा मला वाटलं, आता फक्त फाईली ओतायच्या. ओतायला गेले आणि ताईंशी माझं पहिलं भांडण झालं.

मी फोल्डर आखले होते ते असे: आधी साल, सालात गिऱ्हाईक, गिऱ्हाइकात काम. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं? हिशेबनिसाने?" त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला साल कधीच आठवत नाही. तो म्हणतो मागच्या वर्षीचं, आणि असतं ते चार वर्षांपूर्वीचं, कारण मध्ये कोरोना होता, मध्ये शेजारच्या प्रेसकडे गेलेला. त्याला स्वतःचं नाव तेवढं आठवतं. "मला काय ऐकू येतं त्याप्रमाणे लावा," ताई म्हणाल्या. "आधी नाव. मग काय छापलं. साल शेवटी."

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते उठून आतून खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांची, केस घेऊन आले. ट्रेडल विकलं तेव्हा ही एक केस त्यांनी ठेवली होती, खण आता बडीशेप-लवंग ठेवायला वापरतो. देवनागरीला शेकडो खिळे लागायचे, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, सगळे वेगळे. "यात क पहिला आहे म्हणून पहिल्या खणात नसायचा," बाबा म्हणाले. "जे अक्षर जास्त लागतं ते हाताजवळ. कंपोझिटर केसकडे बघतसुद्धा नव्हता." छपाई झाली की तेच खिळे सुटे करून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण उद्याच्या कामाला तेच लागणार. म्हणजे त्या काळात मागच्या वर्षीचं मॅटर नावाची वस्तूच नव्हती. गिऱ्हाईक आलं की नमुन्याचा कागद काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून खिळे जुळवायचे. प्रत्येक कामाची एक प्रत बाबा तारेला टोचून ठेवत. ती तार हाच त्यांचा सर्व्हर.

मी आखलेलं पुसलं. ताईंनी लावलं तसं लावलं.

नावं मराठीतच टाकायची, हाही ताईंचाच हट्ट. इंग्रजीत चौगुले चार तऱ्हांनी लिहिले जातात आणि चारही तऱ्हांचे चार फोल्डर होऊन बसले होते. मराठीत एकच. 'फायनल', 'न्यू', 'लास्ट' या तीन शब्दांवर बंदी घातली. त्याऐवजी फक्त दोन जागा, 'चालू' आणि 'झालेलं'. चालूमध्ये ज्याने त्याने काय तो गोंधळ घालावा. गिऱ्हाइकाने प्रूफवर सही केली आणि माल गेला, की जी फाईल छापली तीच एक 'झालेलं'मध्ये जाते. तिथे आम्हा कुणालाच बदल करायची परवानगी नाही, फक्त उघडून कॉपी घेता येते. 'झालेलं'मध्ये फाईल सारायचा अधिकार एकट्या बाबांना. ते छापलेला कागद एका हातात धरतात, स्क्रीनवरची फाईल बघतात, क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून नाव वाचतात, आणि मग माऊसने ओढतात. माऊस ते दोन्ही हातांनी धरतात. पंचाहत्तरीत त्यांना ही नवी नोकरी लागली आहे आणि ते ती वेळेवर करतात.

ओतायच्या आधी झाडझूड केली. कोरल ड्रॉ प्रत्येक फाईलशेजारी आपण होऊन 'बॅकअप ऑफ' अशी एक जोडफाईल टाकत असतं. ताईंच्या एका मशीनवर अशा हजारो निघाल्या. सगळं बॅकअप, आणि सगळं त्याच डिस्कवर, मूळ फाईलच्या मांडीला मांडी लावून.

हिशेबाचं सांगायचं तर, फुकटचं मशीन फुकट नसतं. कार्ड बदलल्यावरही ते स्वस्थ बसून ८५ वॉट खातं, प्लगला मीटर लावून बघितलं. चोवीस तास चालवलं तर महिन्याला साधारण ६१ युनिटं. युनिटला बारा रुपये धरले तर सातशे तीसेक रुपये. दोन डिस्कची तयार पेटी विकत मिळते ती वीसेक वॉटवर भागवते, म्हणजे चार-पाच वर्षांत तिची किंमत विजेतच वसूल झाली असती. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊबीजेची किंमत काढतेस?" मग तोडगा काढला, रात्री नऊला सर्व्हर आपण होऊन झोपतो आणि सकाळी नऊला बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, गजराने उठतो. बिल निम्म्यावर आलं.

जानेवारीत एका सकाळी तो उठलाच नाही. बटण दाबून उठवला तर त्याच्या लेखी २०१२ साल चालू होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला होता. घड्याळ गेलं, म्हणून गजर गेला. घड्याळजीकडे तीस-चाळीस रुपयांत सेल मिळाला.

आता राहिली जागा. हा खरा पेच होता. खाली ठेवायचा प्रश्नच नव्हता. भिंतीवर २००५ ची रेघ आहेच आणि २०१९ ची माझ्या डोक्यावरून जाते. माळ्यावर ठेवावा तर वर पत्रा. आमच्याकडे एप्रिलात पत्र्याखाली भाकरी भाजावी असं ऊन. डिस्कला फार गरम सोसत नाही, चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे माझ्या जिवाला घोर लागतो. खाली पाणी, वर आग. शेवटी २०१९ च्या रेघेच्या वर एक हात आणि पत्र्याच्या खाली चार फूट, अशी जागा मामांनी दोरी लावून काढली आणि लोखंडी ब्रॅकेट ठोकून दिलं. सोळा-सतरा किलो पेलायला पाहिजे म्हणून त्यांनी पेपरच्या रिमा चढवून आधी वजन तपासलं. पत्र्याला आतून थर्माकोल मारला. युपीएस खालच्या फळीवर, त्याची एक तार सर्व्हरला, म्हणजे वीज गेली आणि पाच मिनिटांत आली नाही, की सर्व्हर शिस्तीत बंद होतो. पूर आला तर युपीएस जाईल. जाऊ दे.

हे सगळं करूनही जोडीतल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी स्वतःला रोज सांगते. एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळते, एवढाच त्या जोडीचा उपयोग. दुकान पेटलं तर दोन्ही जातील, भिंत खचली तर दोन्ही जातील. म्हणून तिसरी डिस्क आहे, बाहेरची. ती बाबांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून फिरते. शनिवारी दुपारी जेवण झालं की रिकाम्या डब्याच्या जागी डिस्क, रुमालात गुंडाळलेली, आणि संध्याकाळी विश्रामबागेत घरी, देवघराच्या वरच्या फडताळात. २०१९ ला तिथवर पाणी नव्हतं आलं. सोमवारी परत दुकानात. शनिवारी निघताना आई फोन करून विचारते, "डबा भरला का?"

मार्चमध्ये तासगावचे शेठ आले. मला वाटलं नेहमीचं. म्हणाले, "वडील गेले डिसेंबरात. त्यांचा फोटो असलेलं लेबल होतं आपलं, जुनं. तेच पाहिजे यंदा."

ताई सर्व्हरवर बघत होत्या. नाव, मग लेबल, मग सालं. २०१९ च्या आधी काही नव्हतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि शेठना सांगितलं, "ते पाण्यात गेलं हो."

बाबा काही न बोलता स्टूल घेऊन चढले. माळ्याच्या कडीला ती तार अजून आहे. २०१९ ला तिची खालची वीतभर भिजली होती, त्या कागदांचा लगदा होऊन वाळलेला, वरचे कागद वाचलेले. एकेक उलटत त्यांनी एक लेबल काढलं. मध्यभागी तारेचं भोक, एका कोपऱ्याला पिवळट डाग, पण पागोटं घातलेले मोठे शेठ स्वच्छ. शेठ ते हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हेच."

ताईंनी ते स्कॅन केलं आणि दोन संध्याकाळी बसून पुन्हा उभं केलं. अक्षरं नव्याने टाईप केली, द्राक्षाचा घड नव्याने काढला, तारेचं भोक फोटोच्या नेमकं पागोट्यावर होतं ते भरून काढलं. छापून झाल्यावर फाईल ठेवायची वेळ आली तेव्हा अडल्या.

"बाबा, साल कुठलं टाकू? केलं तर आत्ता."

बाबांनी तारेवरचा कागद उलटा करून बघितला. मागे त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने तारीख होती.

"छापलं होतं कधी, ते टाक."

शेठच्या फोल्डरात लेबलखाली आता २०१७ आहे. त्यात एकच फाईल. कागद बाबांनी पुन्हा तारेला टोचून ठेवला, त्याच भोकातून.